डावीकडे शाल, उजवीकडे घाम

संपादकांचा फोन आला तेव्हा मी वर्धा रोडवर गाडी कडेला घेऊन कपाळ पुसत होतो. मे महिना, दुपारचे साडेतीन. "यंदाच्या अंकाचा विषय 'निदान'," ते म्हणाले. "डॉक्टर, वैद्य, ज्योतिषी, सगळ्यांवरचे लेख ठरलेत. तुम्ही कुठंतरी जाऊन, बघून लिहा." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि शेजारी पाहिलं. बायको शाल पांघरून बसली होती.

खरोखरची शाल, तीही मे महिन्यातल्या नागपुरात. डावीकडच्या जाळीतून तिच्या गुडघ्यांवर गारेगार झोत येत होता आणि उजवीकडच्या जाळीतून माझ्या तोंडावर एसटी स्टँडवरच्या पंख्यासारखी कोमट हवा. बटण एक, पंखा एक, कॉम्प्रेसर एक. दोन जाळ्यांमधलं अंतर जेमतेम चार फूट.

"अहो, कमी करा ना जरा."

"कमी? मी वाढवायचं बघतोय."

हा संवाद आमच्या गाडीत तीन उन्हाळे चालू होता. गाडी २०११ सालची, छोटी हॅचबॅक. तिन्ही उन्हाळ्यांत मी तेच केलं जे सगळे करतात: दिसेल त्या एसीवाल्याकडे जाऊन गॅस भरून घेतला. दोन-तीन महिने बरं वाटायचं, मग पुन्हा शाल आणि घाम. 'निदान' या शब्दाचा आपल्याकडे दुसराही एक अर्थ आहे. तीन वर्षं मी त्या दुसऱ्या अर्थावरच भागवत होतो: निदान गॅस तरी भरून घेऊ.

संपादकांना द्यायचा विषय शेजारच्या सीटवर बसलेला होता.

बर्फाच्या पाण्यात काटा

पहिली शंका उन्हाची. नागपूरहून वर्ध्याकडे दुपारी निघालं की सूर्य उजव्या हाताला, म्हणजे चालवणाऱ्याच्या खांद्यावर. म्हणजे घाम एसीमुळे नसून उन्हामुळेही असू शकतो. अंगाला काय वाटतं यावर विसंबून चालणार नव्हतं. मी स्वयंपाकघरात वापरायचा, टोकाला सुई असलेला डिजिटल थर्मामीटर विकत घेतला.

आता तो खरा कशावरून? आम्हा नागपूरकरांना हा प्रश्न पडतोच. २०२४ च्या मे अखेरीस आमच्या गावातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंशांचा आकडा दाखवला होता. देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तेव्हा मी पेलाभर बर्फ घेतला, त्यात बुडेपर्यंत पाणी ओतलं, ढवळलं आणि सुई धरून ठेवली. शून्यावर आली. मग गाडी घरासमोर आंब्याच्या सावलीत लावली, इंजिन चालू ठेवलं, पंखा दोनवर, आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं आणि दहा मिनिटांनी एकेका जाळीत सुई खुपसली.

डावं टोक ११ अंश. मधली डावी १३. मधली उजवी १८. उजवं टोक २१.

ऊन निर्दोष सुटलं. पण हे चार आकडे नुसते वेगळे नव्हते, डावीकडून उजवीकडे पायरीपायरीनं चढत गेले होते. हे महत्त्वाचं आहे हे मला तेव्हा कळलं नाही. वहीत मात्र लिहून ठेवलं.

पेट्रोल आहे का, जळून जायला?

कामठी रोडच्या बाजूला एका कडुनिंबाखाली पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज आहे. पाटीवर नुसतं 'कार एसी' लिहिलंय. मालकांना सगळे चाचा म्हणतात. वय साठीच्या आसपास, चष्मा दोरीनं गळ्यात. मी गेलो तेव्हा चार गाड्यांची बॉनेटं उघडी होती, एकीच्या बॉनेटच्या हुकाला निळ्या आणि लाल तबकडीचा गेज लटकत होता आणि त्याच्या पिवळ्या नळीचं टोक वजनकाट्यावर ठेवलेल्या सिलिंडरला लावलेलं होतं. किराणा दुकानात असतो तसा काटा. गॅरेजात वजनकाटा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"गॅस संपला वाटतं," मी तोंड उघडलं.

चाचांनी चष्मा वर चढवला. "भाऊ, गॅस काय पेट्रोल आहे का, जळून जायला? बंद नळीत फिरते तो. गेला असंन तर कुठून गेला, ते पाहू. नसंन गेला तर काहून भरायचा?"

तीन वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं.

मग पंधरा-वीस मिनिटं त्यांनी गेजला हातही लावला नाही. नुसते प्रश्न. कोणती बाजू गरम? सुरुवातीपासून, की तासाभरानं? सिग्नलला उभं राहिलं की वाढते का? डॅशबोर्डातून टकटक आवाज येते का? जाळीतून काही काळं उडते का? पायाशी पाणी येते का? मी एकेक उत्तर देत होतो आणि ते मान हलवत होते. काळं उडतं का, याला मी 'हो, कधीकधी स्पंजाचे बारीक कण येतात' म्हटलं, तेव्हा ते पहिल्यांदा थांबले. काही बोलले नाहीत. पोऱ्याला म्हणाले, "लक्षात ठेव."

"एसीच्या रोगात दोनच गोष्टी विचाराच्या," ते मला म्हणाले. "कुठं गरम अन् केव्हा गरम. बाकी सारं त्यातूनच येते."

मी वही पुढे केली. चार आकडे पाहून त्यांचा चेहरा खुलला. गाडीसोबत आकडे घेऊन येणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे सहसा येत नसावं.

मग हात. बॉनेटखाली दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या आतल्या पडद्यातून डॅशबोर्डात शिरतात, एक जाड, एक बारीक. चाचांनी दोन्ही दोन बोटांत धरल्या. बारीक नळी कोमट असायला हवी, जाड नळी थंड. तब्येत ठीक असेल तर जाड नळीला माठासारखा पाझर सुटतो. नागपूरच्या मे महिन्यात हवेत ओलच नसल्यानं पाझर कमी, पण हाताला गारवा कळलाच पाहिजे. माझ्या गाडीची जाड नळी नुसती बरी होती. "विहिरीच्या पाण्याइतकी," चाचा म्हणाले. "माठाइतकी नाही."

ताटीचा कोरडा कोपरा

गाडीतला एसी थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, एवढंच त्याचं काम. ती उचलणारा हमाल म्हणजे गॅस. गेल्या तीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए या नावाचा असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डाच्या मागे, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या खणापाठी, एक जाळीदार कूलिंग कॉईल असते. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून द्रवरूप गॅस तिथं सुटतो, दाब एकदम कमी होतो आणि शून्याच्या आसपास तो उकळायला लागतो. उकळायला उष्णता लागते, ती तो कॉईलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून तापवतो, समोरच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन वाफेचा पुन्हा द्रव होतो, ड्रायरमधून गाळून परत आत. इतकंच.

आता एकाच कॉईलवरून आलेली हवा डावीकडे ११ आणि उजवीकडे २१ कशी? चाचांनी मला नागपूरकराला कळेल अशा भाषेत सांगितलं.

"घरी कूलर आहे ना?"

विदर्भात हा प्रश्न विचारावा लागत नाही. उन्हाळ्याआधी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवणं हा आमच्याकडे सणासारखा कार्यक्रम असतो. वरच्या पन्हाळीला भोकं असतात, त्यांतून पाणी ताटीवर सारखं झिरपलं पाहिजे. पंपाचं पाणी कमी पडलं, किंवा शेवटची भोकं बुजली, की ताटीचा एक कोपरा कोरडा राहतो. त्या कोपऱ्यातून आत येते ती निव्वळ लू. कूलर चालूच असतो, अर्धी ताटी ओलीच असते, पण त्या बाजूला झोपणारा माणूस रात्रभर कूस बदलत राहतो.

कूलिंग कॉईलचं तसंच. गॅस पुरेसा असेल तर द्रव कॉईलभर उकळत जातो आणि सगळी कॉईल सारखी गार. गॅस कमी असेल तर द्रव अर्ध्या वाटेतच उकळून संपतो. पुढच्या अर्ध्या भागात नुसती वाफ फिरते, आणि आधीच वाफ झालेला गॅस फारशी उष्णता उचलू शकत नाही. म्हणजे आत शिरायच्या तोंडाजवळ कॉईल गार आणि शेवटाकडे कोरड्या ताटीसारखी. हवा कॉईलवरून गेल्यावर नीट मिसळायला जागाच नसते. गार भागावरची एका बाजूच्या जाळीत जाते, गरम भागावरची दुसऱ्या.

कुठली बाजू गरम हे त्या गाडीत कॉईल कशी बसवली आहे त्यावर ठरतं. दुसऱ्या मॉडेलात ड्रायव्हर शाल घेईल आणि शेजारी घाम पुसेल. पण आकडे असे पायरीनं चढत गेले, तर पहिला संशय गॅस कमी असल्याचा. तीन वर्षं मला हाच रोग होता आणि तीन वर्षं मी त्यावर बरोबर औषध घेत होतो, असं वाटून मला जरा फुशारकीही वाटली. ती फार टिकली नाही.

रांगेतले बाकीचे

माझी गाडी मागे ठेवून चाचा मधूनच दुसऱ्या गाड्यांकडे जात होते. त्यांची 'कुठं' आणि 'केव्हा'ची परीक्षा बघायला मलाही ते बरं होतं.

हिंगणघाटहून आलेली एक टॅक्सी. तक्रार: हायवेला गार, सिग्नलला गरम. चाचांनी नळीला हातही लावला नाही, सरळ पुढे वाकून ग्रिलमधून टॉर्च मारला. कंडेन्सरच्या पत्र्यांवर राखाडी रंगाची गोधडी चढली होती: धूळ, किडे, कापसाचे तंतू. हिंगणघाट ही कापसाची मोठी बाजारपेठ, आणि कापसाच्या ट्रकमागे धावणाऱ्या गाडीचं नाक असंच बुजतं. शिवाय कंडेन्सरचा पंखा फिरत नव्हता. गाडी पळत असताना समोरचा वारा पंख्याचं काम करत होता, थांबली की उष्णता बाहेर जायला वाट नाही. या माणसानं दोनदा गॅस भरला होता. पोऱ्यानं मोटर बदलली आणि कंडेन्सर साध्या पाइपच्या पाण्यानं आतून बाहेर धुतला. प्रेशरचा फवारा मारला तर पत्रे लोळतात आणि होती ती वाटही बंद होते.

दुसरी एक मोठी सेडान, डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळं तापमान ठेवायची सोय असलेली. उजवी बाजू कायम गरम, आणि गाडी सुरू केली की डॅशबोर्डाच्या पोटातून टक-टक-टक. अशा गाडीत प्रत्येक बाजूचा पडदा एक छोटी मोटर फिरवते. तिच्यातल्या प्लॅस्टिकच्या चक्रीचे दात झिजले की मोटर फिरते, दात घसरतात, पडदा अर्ध्यातच राहतो. इथं गॅसचा संबंधच नाही. चाचांनी गेज लावून दाखवला, दोन्ही काटे जागेवर. मालकांनी भीतीपोटी मोठं बिल गृहीत धरलं होतं. मोटर डॅशबोर्ड न उतरवता खालून निघाली.

जुलैत मी पुन्हा गेलो तेव्हा पावसातली एक तऱ्हा पाहायला मिळाली. अमरावतीहून आलेले एक गृहस्थ सांगत होते, तासभर मस्त गार, मग वारा कमी-कमी होत जातो आणि शेवटी जाळीतून फुंकर मारल्यासारखी हवा. चहाला थांबलं की पुन्हा ठीक. "चहा पिताना गाडीखाली पाहिलं होतं का?" चाचांनी विचारलं. पाहिलं होतं. बादलीभर पाणी. म्हणजे कॉईल गोठत होती. हवेतली ओल कॉईलवर बर्फ होऊन बसते आणि वाट बंद होते. ती गोठू नये म्हणून कॉईलच्या अंगाला एक सेन्सर टोचलेला असतो. शून्याच्या जवळ आलं की तो कॉम्प्रेसरचा क्लच सोडायला सांगतो. तो सेन्सर मेला होता. मे महिन्यातल्या कोरड्या नागपुरात हा रोग क्वचित दिसतो, पावसाळ्यात आणि कोकणात जास्त.

क्लचवरून आठवलं. १९३९ साली पॅकार्ड या अमेरिकन कंपनीनं कारखान्यातूनच एसी बसवलेली पहिली गाडी दाखवली, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. कॉईल डिकीत, सामानाची अर्धी जागा खाऊन. आणि एसी बंद करायचा तर इंजिन थांबवायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, तसाच पाहिजे होता, तुम्ही कंटाळून बंदच ठेवला असता.

सिलिंडर केव्हा संपतो

दुपारनंतर माझ्या गाडीला गेज लागला. इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखे, सव्वाशेच्या आसपास. मी म्हटलं, "दाब तर चांगला आहे की."

चाचा हसले. "घरच्या सिलिंडरची आच शेवटच्या दिवशी कमी होते का?"

नाही होत. स्वयंपाकाचा सिलिंडर अर्धा असो वा पाव, शेगडी तशीच पेटते, आणि नेमकं पुरणाचा घाट घातलेल्या दिवशी एकदम विझते. आत थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत दाब हवेच्या तापमानाप्रमाणे राहतो, तो किती द्रव आहे ते सांगत नाही. गाडीतल्या गॅसचंही तेच. उभ्या गाडीचा दाब पाहून 'गॅस फुल आहे' म्हणणारा आणि सिलिंडरला हात लावून 'भरलेला आहे' म्हणणारा एकाच माळेचे मणी. गाडी चालू केल्यावर काटे बोलतात: माझा निळा काटा बावीसवर उतरला, लाल दीडशेवर. दोन्ही कमी. पण किती कमी, हे शेवटी वजनच सांगणार.

म्हणून तो वजनकाटा. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. छोट्या गाड्यांत हा आकडा बहुधा ३५० ते ५००च्या दरम्यान. माझ्या गाडीचा स्टिकर तेलकट काजळीखाली होता. चाचांनी रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढला: ४३०. चौदा वर्षांत तो पुसायची गरज कुणालाच वाटली नव्हती, मलाही नाही. मग त्यांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या मशीननं गाडीतला गॅस ओढून काढला आणि काट्यावर ठेवला. २१५ ग्रॅम. बरोबर निम्मा.

बऱ्याच ठिकाणी इथं पिन दाबून उरलेला गॅस 'फुस्स' करून सोडून देतात. मला हे पटत नाही आणि चाचांनाही नाही. त्यांचं कारण पैशाचं, काढलेला गॅस पुन्हा वापरता येतो. माझं वेगळं. पूर्वीचा आर-१२ ओझोनला भोक पाडायचा, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू गेला. आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून पुढे आहे. एका छोट्या गाडीतला चारशे ग्रॅम गॅस हवेत सोडणं म्हणजे काही क्विंटल कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. आत गारवा नाही म्हणून बाहेरचं ऊन वाढवायचं, असा तो व्यवहार आहे.

आता निम्मा गॅस गेला कुठून? गॅस एकटा जात नाही, सोबत कॉम्प्रेसरचं तेल थोडं घेऊन जातो, आणि तेलावर धूळ बसते. चाचा टॉर्च घेऊन प्रत्येक जोड, कंडेन्सरचे कोपरे, कॉम्प्रेसरचं तोंड बघत गेले. सगळं कोरडं. शेवटी गॅस भरायच्या तोंडाशी थांबले. तिथं काळ्या चिकट धुळीचं कडं होतं आणि वरचं प्लॅस्टिकचं टोपण गायब.

नळ्यांत नायट्रोजनचा दाब दिला आणि बोटभर साबणाचा फेस त्या तोंडावर ठेवला. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हला थुंकी लावून बघतात ना, अगदी तसं. आधी काही नाही. मग एक बुडबुडा, मोहरीएवढा. फुगला, फुटला. दुसरा आला.

आतल्या पिनचं रबर मेलं होतं. खरं तर ते टोपणच त्या तोंडाचं पक्कं बूच, आणि ते कुणीतरी गॅस भरताना काढून परत लावलं नव्हतं. दर उन्हाळ्यात मी गॅस भरून घेत होतो आणि दर वेळी जिथून भरला तिथूनच तो वर्षभर बुडबुड्याबुडबुड्यानं जात होता. कोणत्या उन्हाळ्यात, कोणत्या दुकानात टोपण राहिलं, ते आता कळायला मार्ग नाही. राहिलं तेव्हा मी तिथंच उभा राहून मोबाइल बघत असणार.

नवी पिन, नवं टोपण. मग व्हॅक्यूम पंप अर्धा तास. नळीत राहिलेली हवा आणि ओल बाहेर काढणं हे त्याचं काम. दाब इतका कमी होतो की आतलं पाणी साध्या हवेच्या तापमानालाच उकळून निघून जातं. ओल राहिली तर ती व्हॉल्व्हच्या भोकात गोठते, तेलात मिसळून आतून धातू खाते. घाईचा एसीवाला हाच अर्धा तास वाचवतो. पंप बंद केल्यावर चाचांनी काट्याकडे पाहत एक चहा संपवला. काटा हलला नाही. मग वजनकाट्यावर नजर ठेवून ४३० ग्रॅम, ना एक कमी, ना एक जास्त. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा हीसुद्धा आपली एक गोड समजूत आहे. जास्त भरला की दाब चढतो, गारवा उतरतो आणि कॉम्प्रेसर आयुष्य गमावतो.

मी सुई काढली. डावं टोक ८. मधल्या दोन ९ आणि १०. उजवं टोक १३.

मला तर टाळी वाजवावीशी वाटली. चाचांना नाही.

लपलेला हीटर

"आता पायरी नाही राहिली," ते म्हणाले. "तीन जाळ्या जवळजवळ सारख्या, एकच वेगळी. हा दुसरा रोग आहे." आणि पोऱ्याकडे वळून, "ते काळं काय होतं रे?"

"स्पंज," पोऱ्या म्हणाला. त्यानं लक्षात ठेवलं होतं.

नागपुरात गाडीचा हीटर वर्षातून पंधरा दिवस लागतो, तोही पहाटे. पण त्याची कॉईल बारा महिने तिथंच असते, आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनचं तापलेलं पाणी बारा महिने तिच्यातून फिरत असतं. कूलिंग कॉईलवरून आलेली हवा या हीटरच्या दारावरून जाते. दार म्हणजे एक पडदा, ज्याला गॅरेजात फ्लॅप म्हणतात. आपण तापमानाचं बटण निळ्याकडून लालकडे फिरवतो तेव्हा हा फ्लॅप उघडतो. निळ्या टोकाला तो घट्ट बंद असला पाहिजे. घट्ट बसावा म्हणून त्याच्या कडांना स्पंजाची पट्टी चिकटवलेली असते. चौदा उन्हाळ्यांत त्या पट्टीचा भुगा होतो आणि तो जाळीतून आपल्या शर्टावर येतो.

हे नुसतं म्हणून भागत नाही, सिद्ध करावं लागतं. चाचांनी इंजिनकडून हीटरकडे जाणारा रबरी पाइप शोधला, त्यावर फडकं गुंडाळलं आणि बोथट तोंडाच्या क्लॅम्पनं हळूच आवळला. हीटरचं गरम पाणी बंद. "आता पाहत राहा." मी उजव्या जाळीत सुई धरून बसलो. १३. १३. १२. दोन-तीन मिनिटांनी ११. पाच मिनिटांत ९. क्लॅम्प सोडला, आणि आकडा पुन्हा चढायला लागला.

इतकं स्वच्छ निदान मी दवाखान्यातही क्वचित पाहिलंय. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, कॉईल नाही. मे महिन्यात, ४३ अंशांत, माझ्या गाडीचा हीटर चालू होता. (हा प्रयोग घरी करू नका. जुना पाइप पकडीनं दाबला तर चिरतो, आणि आतलं पाणी भाजतं.)

खणाचं झाकण काढून, खालून आरसा घालून पाहिलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. बटणापासून फ्लॅपपर्यंत येणारी तार क्लिपमधून दोन सूत सरकली होती, त्यामुळे फ्लॅप शेवटपर्यंत जात नव्हता. आणि त्याच्या उजव्या टोकाची स्पंजपट्टी पार गेलेली, डावीकडची अजून शाबूत. म्हणून फट उजवीकडेच. सगळा डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे दोन दिवसांचं काम आणि जुन्या प्लॅस्टिकच्या खुंट्या तुटायची हमी. चाचांनी ते टाळलं. तार ओढून क्लिपमध्ये बसवली, आणि ब्लोअर काढून त्या जागेतून हात घालून, नुसत्या स्पर्शानं, उजव्या कडेला नवी फोमपट्टी चिकटवली. पाऊण तास त्यांचा खांद्यापर्यंतचा हात गाडीत होता आणि नजर समोरच्या कडुनिंबावर.

कागदावरचे चार आकडे

बिलात पिन, टोपण, दोनशेच्या वर ग्रॅम नवा गॅस आणि हातभर फोम. मजुरी धरून ते मागच्या दोन उन्हाळ्यांच्या गॅसभरणीहून कमी होतं. सगळ्यात स्वस्त वस्तू टोपण होती.

मी पैसे देताना चाचांनी बिलाच्या मागे तारीख घातली, बाहेरचं तापमान ४३ लिहिलं, खाली चार आकडे: ८, ९, ९, ९. आणि सांगितलं की पुढच्या वर्षी मे महिन्यात अशाच सावलीत, पंखा दोनवर ठेवून पुन्हा मोजा. आकडे हेच आले तर इकडं यायचं नाही. बदलले तर हा कागद घेऊन या, गॅस मागायला येऊ नका.

परवा दसऱ्याला वर्ध्याला गेलो. कागद गाडीच्या खणात आहे. शालही तिथंच ठेवली होती, बायकोनं बाहेर काढली नाही. एसीचं बटण मात्र निघताना तिनंच दोनवरून तीनवर केलं.